गोचिडाची डॉक्टर

खुटबावच्या थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर मल्हारी बसला आणि त्यानं लेकीचा विषय काढला नाही, असं आजवर कधी झालेलं नाही. बोलणं कांद्यावर चाललेलं असो, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीवर, गडी फिरून फिरून तिथंच यायचा. "आमची पूनम डॉक्टर झाली," म्हणायचा आणि बशी खाली ठेवून समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. समोरच्याला विचारणं भागच पडायचं, "कशाची डॉक्टर?" मग मल्हारी डोक्यावरचा पटका सारखा करून सांगायचा, "गोचिडाची."

टपरीवर खसखस पिकायची. "गोचिडाला बी डॉक्टर लागतो व्हय? काय होतं त्याला, पडसं?" मल्हारीला त्याचा राग म्हणून यायचा नाही. हसा लेको. तुमच्यातल्या कुणाची पोरगी पुण्याच्या संशोधन संस्थेत पांढरा कोट घालून बसते, ते आधी दाखवा आणि मग हसा. मनातल्या मनात असं म्हणून तो उरलेला चहा सावकाश प्यायचा.

पूनम आधी जनावरांची डॉक्टर झाली आणि मग संशोधनाच्या मागं लागली. गोचीड, पिसवा, डास, असल्या चावऱ्या किड्यांवाटे कुठला रोग कुठून कुठं जातो, ते शोधायचं तिचं काम. तिनं बापाला एकदा समजावून सांगितलं होतं, "आप्पा, गोचीड नुसता रगत पित न्हाई. ह्याचा रोग उचलतो आन् त्याला नेऊन देतो. कुणाचा उचलला, कुणाला दिला, तेवढंच मी बघते."

"म्हंजी गावातल्या चहाडखोरावानी," मल्हारी म्हणाला. पूनमला ते इतकं आवडलं की तिनं पुण्यात आपल्या साहेबांनाही सांगितलं. साहेब हसले, हे कळल्यावर मल्हारी दोन दिवस हवेत होता.

लेकीच्या खालोखाल त्याला अभिमान दोन गोष्टींचा. एक मेंढ्या. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून ऊस लावला, मल्हारीनं साठ-सत्तर राखली. आणि दुसरी कुत्री. त्याची जिवली नावाची कुत्री होती, दिसायला काटकुळी, पण एकदा बिबट्या मेंढरांवर आला तेव्हा तिनं असला कालवा केला की तो पठ्ठ्या आल्या पावली उसात परतला. त्या दिवसापासून जिवलीच्या पिल्लांना नदीच्या दोन्ही काठांवरून मागणी आली.

नदी म्हणजे भीमा. अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. दरवर्षी ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचं घर मोडायचं आणि तो वस्त्यांवर फिरायला लागायचा. शिरूरच्या बाजूला चिंचमळा नावाची वस्ती आहे, तिथं तर त्यानं अंगणातली कुत्री एकामागून एक उचलून नेली. मग चिंचमळ्यातले लोक मल्हारीकडं आले. "तुझ्या जिवलीचं पिल्लू दे बाबा, ते तरी टिकंल." मल्हारीनं दिली. पैसा घेतला नाही कुणाकडनं. पिल्लू विकायचं नसतं, त्यानं मायेला बट्टा लागतो, असं त्याचं म्हणणं. सगळ्यात देखणं पिल्लू त्यानं हौसराव आबांना दिलं. त्याचं नाव पैलवान.

हौसराव आबा म्हणजे चिंचमळ्याचा शब्द. जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. कांदा निघाला की त्यांच्या वावरात मल्हारीची मेंढरं बसायची. रात्रभर मेंढरांचं लेंडीखत पडायचं, दर दोन-चार रात्रींनी वाघूर उचलून पुढच्या तुकड्यात लावायची. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मल्हारीचा बाप आबांच्या बापाच्या वावरात हेच करायचा. एवढ्या वर्षांत वाकडा शब्द नाही. तरी एक होतं. आबा खाटेवर बसायचे आणि मल्हारी उकिडवा खाली. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालत आलेलं.

त्या वर्षी मात्र चिंचमळ्यात ताप आला.

पहिल्यांदा आबांची नात प्रांजल पडली. ताप उतरेना, डोकं फुटायची वेळ आली, मग अंगावर लाल पुरळ. कुणी म्हणालं गोवर, कुणी म्हणालं डेंगी. पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरही आलं, तेव्हा आबांचा मुलगा इंद्रजीत पोरीला उचलून शिरूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरणीनं पोरीला उलटंपालटं करून बघितलं, कानामागं एक काळी खपली सापडली, आणि ती म्हणाली, "हिला गोचीड चावलाय." नेमकं औषध सुरू झालं आणि पोर वाचली. तिच्यामागोमाग वस्तीवरचे आणखी चार-पाच जण तसेच पडले, तेही वाचले.

पोरं वाचली ते झालं, पण 'गोचीड' हा शब्द वस्तीत राहून गेला. गोचीड म्हटल्यावर लोकांना काय आठवणार? मेंढरं. कांद्याच्या वावरात वर्षानुवर्षं कोण बसतं? मल्हारी. एवढा सोपा हिशेब असल्यावर डोकं चालवायचे कष्ट कोण घेतं!

आबांचा निरोप आला. फोनवर नाही, माणसाहाती. यंदा वाघूर लावू नको. बैठक बसवतोय, त्यात काय ते कायमचं ठरवू.

निरोप ऐकून मल्हारी खाली बसला. एकट्या चिंचमळ्याचा प्रश्न असता तर त्यानं दुसरा मळा बघितला असता. पण हौसराव आबांनी दार लावलं की अख्खा नदीकाठ लावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग मेंढरं ठेवायची कुठं? चारायची कुठं? बायकोला, गिताबाईला तो एवढंच म्हणाला, "बाजार दाखवावा लागंल त्यास्नी." गिताबाई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

चार दिवसांनी पूनमचा फोन आला. शिरूरच्या दवाखान्यानं तिच्या संस्थेला कळवलं होतं आणि तपासाला कोण जाईल म्हटल्यावर पूनमनंच हात वर केला होता. साहेबांनी विचारलं, तिथं तुझ्या वडिलांची मेंढरं असतात ना? ती म्हणाली, असतात, म्हणूनच मला तिथली खडान् खडा माहिती आहे. गोळा मी करते, तपासणी दुसऱ्यांना करू द्या. कुपीवर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, हे तपासणाऱ्याला कळणार नाही आणि निकाल लागेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

"मी आधी आपलीच मेंढरं बघणार, आप्पा," ती फोनवर म्हणाली. "त्यांना हात लावू नका. गोचीड काढू नका, औषध फवारू नका. हायेत तशी बघू द्या."

"बघ की," मल्हारी म्हणाला. "आपल्याला काय भ्या हाय?"

भ्या होतं. पूनम यायच्या दिवशी उजाडताना तो वाघुरीपाशी गेला तर गिताबाई आधीच तिथं बसलेली. मांडीवर मेंढीचं डोकं, शेजारी रॉकेलचा डबा, आणि ती कानातले गोचीड काढून काढून डब्यात टाकत होती.

"काय चालवलंयस?"

"लेक येतीया," गिताबाई मान वर न करता म्हणाली. "तिला काय सापडायलाच नको. म्हंजी तिला बी खोटं बोलावं लागायचं न्हाई आन् आपल्याला बी बाजार गाठावा लागायचा न्हाई."

खरं सांगायचं तर त्याचाही हात शेजारच्या मेंढीच्या कानाकडं गेला होता. कुणाला कळणार होतं? काम पटकन् होण्यासारखं होतं. मेंढीनं मान झटकली आणि त्यानं हात मागं घेतला.

"ठिव तो डबा," तो म्हणाला. "पोरगी इतकी शिकली ती आपण तिला फसवावं म्हणून न्हाई. तिच्या कामात आपल्या हातानं खोट घालायची व्हय?"

गिताबाईनं डोळ्याला पदर लावला, पण डबा ठेवला. पूनम आल्यावर तिनं तो तसाच लेकीपुढं धरला आणि म्हणाली, "एवढं माझ्याकडनं झालं बाई." पूनमनं डब्यात डोकावून बघितलं, मग आईकडं बघितलं आणि हसायला लागली. "आये, रॉकेलात बुडवून लोणचं घातलंस की त्यांचं." मग तिनं आईचे हात हातात घेऊन नखं बघितली. "नखानं फोडत न्हाईस ना? फोडला की रगत बोटाला लागतं, तेच वाईट." एवढं बोलून तिनं बाह्या सारल्या आणि ती राहिलेल्या मेंढरांना भिडली. मल्हारी एकेक मेंढी धरत होता, लेक चिमट्यानं गोचीड उचलून कुपीत घालत होती. बापाच्या मेंढरांतून काय निघेल, याची तिच्या हातांना जरासुद्धा फिकीर दिसत नव्हती. बापाला मात्र घाम फुटला होता. आणि तेवढ्यातच तिच्या त्या न थरथरणाऱ्या हातांचं त्याला कौतुकही वाटत होतं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी दोघं नदी ओलांडून चिंचमळ्यात गेली. पूनमनं काठीला पांढरं फलालीनचं कापड बांधलं आणि ते बांधाबांधानं गवतावरून ओढत निघाली. गवतातल्या गोचिडाला वाटतं जनावरच चाललंय, तो कापडाला चिकटतो. पण हे चिंचमळ्याला कोण सांगणार? "पुण्यासनं सतरंजी लोळवायला आली बघा," एकजण म्हणाला. "आता वावर झाडून पण देनार व्हय?" दुसऱ्यानं पुस्ती जोडली. मल्हारीच्या कपाळाची शीर तटतटली. पूनमनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. दहा पावलं चालायची, कापड उलटं करायचं, वाकून बघायचं, परत चालायचं. ऊन डोक्यावर आलं तरी तिचं तेच.

मग तिनं गोठे बघितले, शेळ्या बघितल्या आणि कुत्री बघितली. कुत्री धरायला मल्हारी होताच. जिवलीची पोरं ती, त्याचा वास ओळखून शेपट्या हलवत पायात आली. एकेकाला मांडीशी घेताना त्याला बरं वाटत होतं. कान उलटून बघितल्यावर मात्र तो चपापला. कानात तांबडे गोचीड घोसानं लोंबत होते. पायाच्या बोटांच्या बेचक्यातसुद्धा. जिवलीच्या अंगावर त्यानं असले कधी बघितले नव्हते.

शेवटी दोघं हौसराव आबांच्या घरी आली. आबा पडवीत खाटेवर बसले होते. "या," म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत. दुसऱ्या खाटेवर प्रांजल, वाळून काडी झालेली, आणि खाटेखाली पैलवान पाय पसरून झोपलेला.

"आबा, ह्यो रात्री कुठं असतो?" पूनमनं विचारलं.

"कुठं म्हंजी? हितंच. बिबट्यानं शेजाऱ्याचं कुत्रं दारातनं उचललं, तवापासनं अंधार पडला की आत घेतो. पोरीचा जीव हाय त्याच्यावर. त्याच्याबिगर झोपत न्हाई ती."

"वस्तीत सगळ्यांनीच आत घेतलीत?"

"घेणारच की. एवढी चांगली कुत्री बिबट्याला घालायची व्हय?"

पूनम खाली बसली. भिंत दगडमातीची, वरून चुना, चुन्याला पोपडे सुटलेले. तिनं विजेरी लावली आणि प्रांजलच्या खाटेमागच्या एका भेगेत चिमटा घातला. बाहेर आला तो तांबडा गोचीड. परत घातला, परत आला. एका भेगेतून ती काढतच राहिली, आणि मल्हारी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. त्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी कळल्याचं दिसलं. मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आहे हे हात लावताच कळल्यावर त्याचा स्वतःचा चेहरा असाच होत असणार.

परतताना संस्थेच्या गाडीत त्यानं विचारलं, "काय वाटतंय?"

"निकाल आल्याबिगर काय न्हाई सांगायची, आप्पा."

तिनं सांगितलं नाही, पण मल्हारी काही दुधखुळा नव्हता. मेंढरं सुटतील आणि कुत्री अडकतील. आणि कुत्री कुणाची? घराघरांत मायेनं नेऊन दिली कुणी? नदीच्या पुलावर त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. मेंढरं वाचली तरी चिंचमळा त्याला दारात उभं करणार नव्हता. लेकीला एक शब्द टाकावा का? 'कुत्र्यांचं एवढं बोलू नको' म्हणावं? तो शब्द त्याच्या जिभेपर्यंत आला. पण शेजारी बसून ती कुप्यांची पेटी मांडीवर अशी सांभाळत होती, की त्यानं तो गिळला.

होळी झाल्यावर निकाल आला आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली. सकाळची वेळ, सगळी वस्ती हजर. मल्हारी कडेला उकिडवा बसला. गिताबाई त्याच्यामागं. हौसराव आबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "ऐकून घेऊ. पण ध्यानात ठेवा, ती मल्हारीची पोर हाय, आपली न्हाई. बापाच्या बाजूनं बोलली तर तिचा दोष न्हाई."

पूनम उभी राहिली. आवाज चढवला नाही, कागदातही बघितलं नाही.

"आबा, मेंढरांवरचे गोचीड तपासले. वावरातले, बांधावरचे तपासले. शेळ्यांचे, गाईंचे तपासले. त्यात ह्या तापाचा जंतू मिळाला न्हाई. यंदा मिळाला न्हाई, एवढंच म्हणते मी, पुढच्या वर्षी परत बघणार. जंतू मिळाला तो तांबड्या गोचिडात. कुत्र्यांच्या अंगावरच्या आन् घराच्या भिंतीतल्या. ज्या घरात माणूस तापानं पडलं, त्या दर घरात."

मग इंद्रजीत उठला. ज्याची पोरगी मरता मरता वाचली असा बाप तो, त्याचं चुकीचं तरी कसं म्हणायचं? "म्हंजी मेंढरं सुटली," तो म्हणाला. "झालं ना बापाचं काम? पुण्यात बसून आकडं हिकडचं तिकडं कराय किती येळ लागतो?"

पूनम त्याच्याकडं वळली. "दादा, तुमच्या घरातलं कुत्रं कुठलं?"

"तुझ्या बापानं दिलेलं."

"आन् बाकीच्यांची?"

सगळ्या माना मल्हारीकडं वळल्या.

"सगळी आमच्या जिवलीची पिल्लं," पूनम म्हणाली. "मला बापाला वाचवायचं असतं, तर मी त्याच्या कुत्र्यांचं नाव घेतलं असतं का? उंदरांचं घेतलं असतं, घुशींचं घेतलं असतं. तुम्हाला खरं वाटलं असतं. आन् माझ्या बापानं कुत्र्यांचं बोलू नको असं एकदा बी म्हटलं न्हाई. निकाल यायच्या आधी त्यांना कळलं होतं, तरी न्हाई."

मल्हारीनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं तर. गाडीत त्यानं गिळलेला शब्द पोरीनं बरोबर ओळखला होता, आणि तो उच्चारायची वेळही त्याच्यावर येऊ दिली नव्हती. तो हातानं जमिनीवरची माती चाचपत राहिला.

"कुत्र्याचा बी दोष न्हाई," पूनम पुढं बोलत होती. "ह्यांची आई आमच्या वाघुरीपाशी उघड्यावर झोपते. तिच्या अंगावर असले गोचीड न्हाईत, कारण ह्या गोचिडाला भिंत लागते. कुत्र्याच्या अंगावरनं गळायचं, भेगेत शिरायचं, तिथं अंडी घालायची. वाघुरीला भिंतच न्हाई आन् जागा बी सारखी बदलते. तुम्ही बिबट्यापायी कुत्री आत घेतली. जीव लावलेला जीव वाचवायला घेतली. माझं बी घर असतं तर मी हेच केलं असतं."

बायकांतून कुणीतरी हुंदका दिला. पण माणसं भ्याली की त्यांची अक्कल चरायला जाते. "मग सोडून येऊ की घाटात," मागून एकजण म्हणाला. "घाट कशाला, इख घालून मोकळं व्हा," दुसरा म्हणाला. प्रांजल आईला बिलगून बसली होती. तिनं ते ऐकलं आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं.

तेव्हा मल्हारी उठला. चिंचमळ्याच्या बैठकीत त्याच्या घराण्यातलं कुणी उभं राहून बोलल्याचं वस्तीला आठवत नव्हतं.

"कुत्री माझी," तो म्हणाला. "मी दिली, मी घिऊन जातो. घराच्या भेगा लिंपा, पूनम सांगंल ते औषध भिंतीला मारा. घर चोख होईस्तवर ती माझ्यापाशी ऱ्हातील. मग तुमची तुमाला. एकाला बी काय करायचं न्हाई."

"आधी मी त्यांच्या अंगाला गोचिडाचं औषध लावते," पूनम म्हणाली, "मगच आप्पा नेतील. परत आल्यावर मात्र त्यांना घरात न्हाई घ्यायचं. अंगणात सिमेंटच्या ओट्यावर लोखंडी जाळीचं खुराडं करा. बिबट्याचा पंजा आत जाणार न्हाई, आन् लोखंडाला भेग न्हाई."

"ते कोण करणार?" कुणीतरी विचारलं.

सगळे इंद्रजीतकडं बघायला लागले. पाबळच्या शाळेत वेल्डिंग शिकून आलेला वस्तीतला तो एकटाच. इंद्रजीत बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "करतो मी. जाळी तेवढी आणून द्या." आबा उठले. काठी उचलली आणि घरी निघून गेले. मेंढरांचं काय, ते कुणी बोललं नाही आणि मल्हारीला विचारायचा धीर झाला नाही.

आठ-दहा दिवस पूनम दारोदार फिरून कुत्र्यांना औषध लावत होती, घराघरांत भेगा दाखवत होती. गोचीड नखानं फोडू नका, चिमट्यानं धरून सरळ ओढा, हे बायकांना करून दाखवत होती. मल्हारी नदीच्या अलीकडं मेंढरं घेऊन वाट बघत होता. बाजाराचा दिवस दोनदा येऊन गेला, त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

मग एका दुपारी आबांचा फोन आला. या वेळी माणसाहाती निरोप नाही. "काय रं मल्हारी," पलीकडून तोच मोठा आवाज. "कुत्री न्यायची म्हणालास आन् कुठं दडून बसलास? कांदा निघालाय. मेंढरं बी आण संगट."

ऊन कलताना मेंढरं आबांच्या वावरात शिरली. जिवली पुढं. वस्तीवरून एकेकजण आपापलं कुत्रं साखळीला धरून आला आणि जिवलीची सगळी पोरं आईभोवती गोळा झाली, हुंगाहुंगी झाली, दोघा-तिघांची भांडणंही झाली. प्रांजल पैलवानाला घेऊन आली, पायात मोजे घालून, कारण पूनमताईनं गवतात जाताना मोजे घाल म्हणून सांगितलं होतं. "रोज यिऊन भेटत जा," मल्हारीनं तिला सांगितलं. "खाट तेवढी आणू नको." पोर हसली.

हौसराव आबा चालत आले. वावरात खाट नव्हती, बसायला काही नव्हतं. मल्हारी वाघुरीची मेख ठोकायला वाकला तर आबांनी त्याच्या हातातून मेख घेतली. गडीमाणसांनी करायचं काम ते. "सर," म्हणाले, आणि दगड उचलून स्वतः मेख ठोकायला बसले. उकिडवे. मल्हारी दोरी धरून त्यांच्यासमोर बसला. दोघांची डोकी पहिल्यांदाच एका उंचीला आली.

बांधावर पूनम तिचं ते पांढरं कापड ओढत होती. "आता आणिक कशाला?" मल्हारीनं ओरडून विचारलं.

"मेंढरं बसायच्या आधीचं बघून ठेवते, आप्पा. गेल्यावर परत बघीन. उद्या कुणी विचारलं तर तोंड लपवायला नको."

आबांनी मेखेवर शेवटचा घाव घातला. सतरंजी लोळवते म्हणून हसणारे दोघेजण आता कापडाचं दुसरं टोक धरून तिच्यामागं वाकून चालले होते. "हळू ओढा, फाटंल," आबा त्यांच्यावर ओरडले.

तेवढ्यात रस्त्यावरून दुचाकीवर जाणारा कुणी परका माणूस थांबला. मेंढरं, जाळी, एवढी सगळी कुत्री आणि पांढरं कापड घेऊन फिरणारी बाई, काय चाललंय ते त्याला उमगेना. "आवं, कोण त्या बाई?" त्यानं विचारलं.

मल्हारीचं वाक्य तयारच होतं. वर्षानुवर्षं टपरीवर घोटलेलं. त्यानं पटक्याला हात लावला, छाती काढली आणि तोंड उघडलं. पण मोठा आवाज आबांचा होता, तोच आधी पोचला.

"आमची पूनम हाय ती," आबा म्हणाले. "डॉक्टर हाय. गोचिडाची."

माणूस हसला नाही. "आसं व्हय," म्हणाला आणि आदरानं बघत राहिला. मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. आबांनी पुढची मेख मागायला हात पुढं केला आणि मल्हारीनं ती दिली.